नीळ

फॉर्मॅलिनमध्ये तीन आठवडे राहिलं की मेंदू
उकडलेल्या सुरणासारखा घट्ट होतो.
मग सुरी सरळ जाते.
बावीस वर्षं स्टेशनाजवळच्या या प्रयोगशाळेत हेच काम;
हात आपोआप खाली येऊन थांबतो
मस्तिष्कस्तंभाशी,
जिथे चौथ्या पोकळीच्या तळाला
दोन्ही अंगांना एकेक निळसर ठिपका असतो,
पेन टेकवून विचार करत राहिल्यावर
कागदावर पडतो तेवढा.
डॉक्टर नीलबिंदू म्हणतात. मी नुसतं नीळ म्हणते.

डब्यावर नाव नाही, क्रमांक आहे.
क्रमांक मीच टाकलाय.
देहदानाचा अर्जही मीच भरून घेतला होता,
मुंढव्याच्या दोन खोल्यांत.
भाचा सही करत होता, आणि बाई
माझ्याकडे बघून विचारत होत्या,
"दूध आणलंस?"

लोणकर बाई.
पांढरी सलवार, पांढरे कॅनव्हासचे बूट,
कपड्यांना नीळ नेहमी जरा जास्तच.
कालव्याकडेच्या मुरमाड मैदानावर
आम्ही आठ जणी उकिडव्या,
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे,
आणि त्यांचा आवाज:
"तांबोळी, लक्ष कुठंय?"
माझं लक्ष पाण्यातल्या म्हशींवर.
"खो पाठीला बसायच्या आधी मानेला कळला पाहिजे!"

मानेला.
अगदी चुकीचं नव्हतं ते, चार बोटंच वर.
एवढ्याशा ठिपक्यात काही हजार पेशी,
त्यांच्या तारा मात्र मेंदूच्या गल्लीबोळांत
आणि खाली कण्याच्या टोकापर्यंत.
भांडं पडलं, कुणी नावानं हाक मारली,
की आधी हा उठतो
आणि साऱ्या बसलेल्यांना खो देतो:
ऊठ. बघ. हे नवं आहे.
नॉरअॅड्रेनलिन हे नाव लांबलचक,
काम पाठीवर थाप मारण्याचं.

दुखणंही तोच दाराशी अडवून धरतो.
जिल्ह्याच्या फायनलला माझा गुडघा सोलवटला,
मोजा रक्तानं चिकटून बसला,
शेवटच्या शिट्टीपर्यंत मला पत्ता नाही.
नंतर मी भोकाड पसरलं.
बाई म्हणाल्या, "इतका वेळ कुठं होतं गं ते?"
बाहेर होतं, बाई. उंबऱ्यावर.
इथून निरोप गेला होता कण्याला,
थांब, आत्ता नको.

शेवटच्या वर्षी त्यांना चादरीची शिवण टोचायची.
नखं कापायला घेतली तरी किंचाळायच्या.
रात्रभर टक्क जाग्या,
दिवसा भिंतीला टेकून झापड.
भाचा म्हणायचा, नाटकं करते म्हातारी.
मी त्याला काही समजावलं नाही.
भरताचा डबा ठेवला आणि हडपसरची बस पकडली.

काप ताटलीत घेते, दिव्याखाली धरते.
डावीकडे काही नाही.
उजवीकडे, शोधलंच तर, राखी छटा,
सतरांदा धुतलेल्या कॉलरवर उरते तशी.
रजिस्टरात लिहिते: ठिपका फिका, दोन्ही बाजू.
डॉक्टर सप्रे सांगतात, पडझड बहुधा इथूनच सुरू होते,
पहिलं नाव विसरायच्या कितीतरी वर्षं आधी.
वीस. कधी तीसही.

खो मिळाल्यावर उलटं फिरलं की फाऊल,
तरी मी बोटांवर मागं मोजत जाते.
तेव्हा मी नववीत.
एकदा, फक्त एकदा,
शिट्टी ओठांत धरून बाई नुसत्याच उभ्या होत्या,
डावाची वेळ संपून गेली तरी.
आम्ही खांबाशी उभ्या राहून फिदीफिदी हसलो होतो.
काही नसेलही ते.
त्याही म्हशी बघत असतील.

बाहेर कुणीतरी दार वाजवतं.
मान आधी वळते, मी नंतर.